हातांची हजेरी

डॉक्टर, परिचारिका अथवा वॉर्डबॉय यांनी रुग्णास हात लावण्यापूर्वी तो स्वच्छ केला की नाही, याची नोंद एखादा तपासनीस हातात तक्ता घेऊन करीत उभा आहे, हे दृश्य मोठ्या इस्पितळांतून आता अपूर्व राहिलेले नाही. परंतु शिकल्यासवरल्या माणसांच्या हातांवर असा पहारा बसविण्याची वेळ का यावी, हे समजून घ्यावयाचे तर प्रथम व्हिएन्नास जावे लागते.

तेथील सार्वजनिक इस्पितळात प्रसूतीचे दोन विभाग असत. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. सूतिकाज्वराने दगावणाऱ्या बाळंतिणींचे प्रमाण पहिल्या विभागात दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक असे, आणि ही गोष्ट शहरात इतकी षट्कर्णी झाली होती की पहिल्या विभागाच्या पाळीस आलेल्या बायका दुसऱ्यात घ्या म्हणून गयावया करीत. १८४७ च्या मार्चमध्ये न्यायवैद्यकाचे प्राध्यापक कोलेच्का हे शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याची सुरी बोटास लागून वारले, आणि त्यांच्या शवातील विकृती बाळंतिणींच्या शवांतील विकृतींशी तंतोतंत जुळल्या. पहिल्या विभागातील सहायक डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस हे त्यांचे स्नेही. विच्छेदनगृहातून थेट प्रसूतिगृहात येणारे हातच मृत्यू वाहून आणतात, हे त्यांनी ताडले आणि मे महिन्यात हुकूम काढला की क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावाचून कोणी बाळंतिणीस शिवू नये. ते चूर्ण निवडले तेही जंतुनाशक म्हणून नव्हे, कारण जंतूंचा सिद्धांत तेव्हा प्रस्थापित व्हायचा होता; साबणाने न जाणारा शवाचा दर्प त्याने जातो, एवढाच विचार त्यामागे होता. एप्रिलमध्ये शेकडा १८ वर असलेले मृत्यू जूनमध्ये शेकडा २ च्या आसपास उतरले.

तथापि सेमेलवाइस यांचे दप्तर मुख्यतः मृत्यूंचे होते, हातांचे नव्हे. ज्याने हात धुतले नाहीत तो त्यांच्या लेखी कसूरदार, आणि पुढे पुढे तर खुनी. सत्य त्यांच्या बाजूस असूनही सहकारी दुरावले, याचे नवल वाटावयास नको.

हातांचा काटेकोर हिशेब वाचावयाचा तर १९९४ सालच्या जिनिव्हास यावे लागते. तेथील विद्यापीठ-इस्पितळात प्राध्यापक दिदिए पिते यांच्या सहकाऱ्यांनी वॉर्डावॉर्डांतून उभे राहून नोंद केली ती किती वेळा हात धुतले याची नव्हे, तर धुण्याचे प्रसंग किती आले आणि त्यांतील किती साधले याची. साऱ्या पद्धतीचे मर्म या छेदात आहे. परिचारिकेने नळावर हात स्वच्छ धुतले, वाटेत टेबलावरचा फोन उचलला आणि तशीच येऊन रुग्णाची नाडी धरली, तर तो प्रसंग हुकलेला धरावयाचा. हातमोजे घातले म्हणूनही सूट नाही.

जिनिव्हात शंभरातले ४८ प्रसंगच साधलेले आढळले. परिचारिकांचे ५२, डॉक्टरांचे अवघे ३०. (डॉक्टरमंडळींनी हा तक्ता फार आवडीने वाचला असेल असे मला वाटत नाही.) पण त्याहून बोलका आकडा अतिदक्षता विभागाचा, कारण जेथे रुग्ण सर्वांत नाजूक तेथेच प्रमाण ३६ वर घसरलेले होते, आणि का, ते पाहा. त्या विभागात एका रुग्णामागे तासाला सरासरी २२ प्रसंग येत होते. साबणपाण्याने नीट हात धुवावयास पाऊण ते एक मिनिट लागते. म्हणजे नळापर्यंतचे हेलपाटे सोडूनसुद्धा तासातली वीसेक मिनिटे हात धुण्यातच जावयाची! जो नियम पाळणे मनुष्यमात्रास अशक्य, त्याच्या भंगाबद्दल माणसास बोल लावणे हा माझ्या मते शुद्ध अन्याय होय.

म्हणून जिनिव्हाने ज्ञापने काढण्याऐवजी नळच खाटेपाशी आणला, असे म्हटले तरी चालेल: अल्कोहोलयुक्त द्रावणाच्या बाटल्या खाटांना अडकविल्या, खिशांत दिल्या, आणि अर्ध्या मिनिटात हात चोळून काम भागू लागले. मोजणी चालूच होती व तिचे निष्कर्ष कर्मचाऱ्यांस कळविले जात होते. १९९७ पर्यंत प्रमाण ६६ वर गेले, आणि इस्पितळातच जडणाऱ्या संसर्गाचे प्रमाण १९९८ पर्यंत शेकडा १६.९ वरून ९.९ वर आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत मोजणीची ही रीत सर्व देशांसाठी नमूद झाली.

मात्र तपासनीस दारात दिसला की हात आपोआप बाटलीकडे वळतात, आणि त्याची पाठ फिरली की पुन्हा पूर्वपद! पाहणाऱ्याच्या केवळ उपस्थितीने वर्तन पालटते, ही अडचण या शास्त्रात सर्वमान्य आहे. तीवर एक उपाय कोठीच्या हिशेबात सापडतो. रुग्णांचे एक हजार दिवस धरले, तर जिनिव्हात १९९३ साली द्रावण खपत असे साडेतीन लिटर. १९९८ साली खपले १५.४ लिटर. हा खप रात्रपाळीचाही होता, जेव्हा तक्ता घेऊन सहसा कोणी उभे नसते.