रिकाम्या जागेचे सहा महिने



नागरिकशास्त्राच्या तासाला पोटनिवडणूक एका ओळीत संपायची. त्या ओळीचा अर्थ आपल्या पुण्याला 2023 मध्ये कळला.

29 मार्चला खासदार गिरीश बापट गेले. कायदा सांगतो, जागा रिकामी झाल्यापासून 6 महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी. मुदत वर्षाहून कमी उरली असेल, किंवा केंद्राशी विचारविनिमय करून आयोगाने अडचण प्रमाणित केली, तरच सूट. इथे 14 महिने शिल्लक होते. मुक्ता टिळक यांच्या निधनानंतर कसब्याची पोटनिवडणूक तर सव्वादोन महिन्यांत झाली होती. पण लोकसभेसाठी आयोगाने 2024 च्या तयारीचं कारण दिलं. एक पुणेकर उच्च न्यायालयात गेला. डिसेंबरमध्ये न्यायालयाने तातडीने निवडणूक घेण्याचा आदेश दिला. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पुण्याने मतदान केलं ते थेट 13 मे 2024 ला, सार्वत्रिक निवडणुकीत.

वर्षाहून अधिक काळ पुणे मतदारसंघाचा आवाज लोकसभेत नव्हता. तो मागायला एक सामान्य मतदार उभा राहिला, हे मला मोलाचं वाटतं. पुढे कुठलीही जागा रिकामी झाली, तर तारीख लिहून ठेवा आणि महिने मोजा. बाईंनी शिकवलेलं गणित तेवढ्याला नक्की पुरेल!