जखमेपाशी मज्जातंतू काय करतो

(दादर येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानातून)



आपण बसलो आहोत तिथून वडाळ्याचं ॲक्वर्थ रुग्णालय फार लांब नाही. १८९० सालचं हे कुष्ठरुग्णालय. ज्यांचं नाव त्याला आहे ते ॲक्वर्थ साहेब मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. संग्राहक शाळिग्राम यांच्याबरोबर मराठी पोवाडे गोळा करून छापणारेही तेच. या माणसाचं आपल्यावर दुहेरी ऋण आहे. मी आज सुरुवात करणार आहे ती कुष्ठरोगाच्याच एका जुन्या चाचणीपासून.

आत्ता हातावर पेनाच्या बोथट टोकाने जरा दाबून रेघ ओढा. रेघ लाल होईल, थोड्या वेळाने आजूबाजूलाही लाली पसरेल, काहींना गांधही उठेल. थॉमस लुईस यांनी १९२७ साली या तिन्ही गोष्टींची नीट उकल केली. रेघ आणि गांध हे रक्तवाहिन्यांचं काम. भोवतीची लाली मात्र मज्जातंतू पसरवतात. म्हणून संशयित चट्ट्यावर हिस्टमिनचा थेंब ठेवून सुई टोचतात. कुष्ठरोगाने मज्जातंतू मेलेले असतील तर गांध उठते, पण लाली पसरत नाही.

मज्जातंतू मेंदूकडे दुखल्याची खबर धाडतो, हे आपण शाळेत शिकलो. पण त्याच क्षणी तो कातडीतही काही रसायनं सोडतो. त्यांना न्यूरोपेप्टाइड म्हणतात. त्यातलं ‘सबस्टन्स पी’ १९३१ मध्ये फॉन ऑयलर आणि गॅडम यांना घोड्याच्या मेंदूत आणि आतड्यात सापडलं. ती अवघ्या ११ अमिनो आम्लांची साखळी. दुसरं ‘सीजीआरपी’, ३७ अमिनो आम्लांचं.

कापल्यावर काय घडतं ते पाहू. सबस्टन्स पीमुळे रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात आणि पांढऱ्या पेशी बाहेर पडतात. सीजीआरपी वाहिन्या रुंदावतं. इकडे जखमेच्या कडेच्या त्वचापेशी एरवी खालच्या थराला घट्ट धरून बसलेल्या असतात. त्या पकड सोडतात, चपट्या होतात, पुढे पातळ पाय काढतात आणि खपलीखालून सरपटत निघतात. या पेशींच्या अंगावर सबस्टन्स पी ओळखणारे ग्राहक असतात; ते जागे झाले की पेशींच्या हालचालीला आणि वाढीला जोर येतो. डोळ्याच्या बुबुळावर हे फार स्पष्ट दिसतं. तिथली संवेदना गेली की साधा ओरखडाही भरता भरत नाही. जपानमध्ये सबस्टन्स पीचा चार अमिनो आम्लांचा तुकडा दुसऱ्या एका वाढ-घटकाच्या तुकड्याबरोबर थेंबांतून देऊन अशी बुबुळं भरून आणली गेली आहेत. मला हा सगळ्यात बोलका पुरावा वाटतो.

आता कुष्ठरोग. १०० रुग्णांच्या त्वचेचे नमुने तपासून १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मज्जातंतूंमधली न्यूरोपेप्टाइड बहुतेक नाहीशी झालेली आढळली. मग तळव्याची जखम चिघळते ती एवढ्यामुळेच का? नाही, आणि हे ठासून सांगायला हवं. वेल्लोरला सर्जन पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बधिर पाय प्लास्टरमध्ये ठेवून त्यावरचा भार काढला, तर तीच जखम भरते. दुखत नाही म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो, हे पहिलं कारण. भरून आणणारी रसायनं तुटपुंजी असणं हे दुसरं. दोन्हींच्या मुळाशी एकच मेलेला मज्जातंतू आहे.

जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांचे वाकडे झालेले हात आणि बसलेली नाकं शस्त्रक्रियेने सुधारली. पुढे १९७५ साली वरळीला संशोधन संस्था उभारून मज्जातंतू मुळात मरतो कसा, याच्या ते मागे लागले. एका प्लास्टिक सर्जनने विकृती दुरुस्त करता करता तिच्या उगमाशी जावं, याचं मला अतिशय मोल वाटतं.

कुष्ठरोग आज कमी आहे, पण मधुमेह घरोघरी आहे. त्यातही पाय बधिर होतात. शिवाय सबस्टन्स पीचे तुकडे करणारं नेप्रिलायसिन हे विकर मधुमेहींच्या जखमांत जास्त सापडलं आहे. ‘नेचर’मध्ये २०२४ साली आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या संशोधनात वेदना जाणणारे मज्जातंतू काढून टाकलेल्या उंदरांच्या जखमा रेंगाळल्या. सीजीआरपी पांढऱ्या पेशींची गर्दी वेळेवर आवरतं आणि मागे राहिलेल्या पेशींना दुरुस्तीकडे वळवतं, असं त्यातून दिसलं. जखमेत टिकून राहील असं घडवलेलं सीजीआरपी दिल्यावर मधुमेही उंदरांच्या जखमा लवकर भरल्या. मात्र हे उंदरांत झालं आहे. औषधाच्या दुकानात असलं काही मागू नका. आणि ही रसायनं गरजेपेक्षा जास्त झाली तर दाहही वाढवतात.

सोमवारी रात्री लालबाग-परळहून अनवाणी सिद्धिविनायकाला निघणाऱ्यांत अनेक मधुमेही असतात. खडा रुतला, फोड फुटला, तरी त्यांना पत्ता लागत नाही. माझी त्यांना कळकळीची विनंती आहे: चपला देवळाच्या दारापर्यंत पायात असू द्या. परतल्यावर तळवे आरशात पाहा, बोटांच्या बेचक्या पाहा. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून दहा ग्रॅमच्या नायलॉन तंतूने तळव्याची जाणीव तपासून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. आणि अंगावर न दुखणारा, न खाजणारा फिकट चट्टा दिसला, तर तो बधिर आहे का, हे पालिकेच्या दवाखान्यात जाऊन विचारा. कुष्ठरोगावरची औषधं तिथे फुकट मिळतात.