मुंबईच्या मुक्कामात नाटक कोणते पाहावे?

(ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस पंधरा मिनिटांचा अवधी दिला आणि विषय आमच्याच मर्जीवर सोपविला. आपल्या ज्ञातीची बहुसंख्य कुटुंबे गावोगाव विखुरलेली आहेत. लग्नकार्य, औषधोपचार, मुलांचे प्रवेश अशा काही निमित्ताने त्यांचे मुंबईस जाणे होते आणि चार दिवसांच्या मुक्कामात एखाददुसरी संध्याकाळ मोकळी सापडते. राणीची बाग, चौपाटी, मुंबादेवीचे दर्शन ही ठरलेलीच असतात. नाटकाची गोष्ट निघाली की मात्र घरात दोन तट पडतात आणि वाद मिटेपर्यंत तिकिटे संपून जातात. म्हणून या निवडीविषयी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम प्रश्न असा की, नाटकच कशाला? चित्रपट तर आता खिशातील फोनवरही दिसतो. ‘कट्यार काळजात घुसली’ 2015 मध्ये पडद्यावर आले, ‘मानापमान’ 2025 मध्ये आले. ती घरबसल्या पाहता येतील. परंतु गाणारा नट समोर उभा आहे, श्रोत्यांनी ‘वन्स मोअर’ म्हणताच तो तेच पद निराळ्या अंगाने पुन्हा आळवीत आहे, हे सुख नाट्यगृहाबाहेर मिळत नाही. जे गावी मिळणे दुर्घट, तेच शहरात जाऊन घ्यावे, हा व्यवहार बाजारहाटीत आपण पाळतोच. तो येथेही पाळावा.

विष्णुदास भावे यांनी सांगलीस 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ केले आणि अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. तेव्हापासून चालत आलेले हे धन आहे. त्यातील कोणते नाणे या आठवड्यास बाजारात आहे, हे शनिवार-रविवारच्या वृत्तपत्रांतील जाहिराती सांगतील. आम्ही केवळ पारख करण्याच्या कसोट्या सांगतो.

पहिली कसोटी, बरोबर कोण आहे? मुले असतील तर 1882 चे ‘सौभद्र’ लागले आहे काय, हे पाहावे. कृष्णाचे कारस्थान, यतिवेषातील अर्जुन आणि बलरामाची फसगत यांत लहानथोर सारखेच रमतात. आम्ही पस्तीस वर्षे वर्गात मराठी शिकविले. आमचा अनुभव असा की, पुस्तकातील नाट्यप्रवेशाने कंटाळणारा विद्यार्थीही तोच प्रवेश डोळ्यांनी पाहिल्यावर विसरत नाही. गाण्याचे दर्दी असतील त्यांनी दारव्हेकरांचे, अभिषेकीबुवांच्या संगीताने नटलेले 1967 चे ‘कट्यार’ शोधावे. वृद्ध मंडळींना ऐकू कमी येत असेल, तर थोडे अधिक मोजून पुढील रांगेत बसावे. मागे बसून केवळ हालणारे ओठ पाहण्यात पैसे वाचत नाहीत, ते वाया जातात.

दुसरी कसोटी अधिक महत्त्वाची. नाटक संपल्यावर घरात काय उरते? देवलांचे ‘शारदा’ 1899 मध्ये आले. द्रव्यलोभाने पोटची पोर वृद्धाच्या गळ्यात बांधू पाहणारा कांचनभट त्यात आहे. पुढे 1929 मध्ये बालविवाहास आळा घालणारा कायदा झाला. त्यास आपण ‘शारदा कायदा’ म्हणतो, ते नाव हरविलास सारडा यांच्यावरून पडले, नाटकावरून नव्हे. तरीही महाराष्ट्रात लोकांच्या मनाची मशागत देवलांच्या नाटकाने आधीच केली होती. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ 1919 चे. सुधाकराच्या व्यसनापायी सिंधूच्या संसाराची राख होते. आपल्या ज्ञातीत असे घर नाहीच, असे या सभेत कोण छातीवर हात ठेवून सांगेल? ज्या गोष्टी सभेत ठरावाने बोलता येत नाहीत, त्या नाटकाहून परतताना बापलेक सहज बोलून जातात.

कोणी म्हणेल, “गुरुजी, आम्हांस हसावयास जायचे आहे, रडावयास नव्हे.” हसण्यास आमची ना नाही. आचार्य अत्र्यांचे 1962 चे ‘तो मी नव्हेच’ घ्या. प्रभाकर पणशीकर त्यात पाच वेषांनी येत आणि फिरत्या रंगमंचावर भराभर प्रसंग पालटत. प्रेक्षक हसून बेजार होत. पण कथा कोणाची? खोटी नावे सांगून घरंदाज मुलींशी लग्ने लावणाऱ्या भामट्याची! आपल्या वधूवर मंडळाने नुसत्या पत्रिका न जुळविता स्थळाची चौकशी का करावी, हे सांगण्यास याहून चांगले साधन नाही.

तिसरी कसोटी व्यवहाराची. दादरचे शिवाजी मंदिर, प्रभादेवीचे रवींद्र नाट्य मंदिर, गिरगावचे साहित्य संघ मंदिर, पार्ल्याचे दीनानाथ, ठाण्याचे गडकरी रंगायतन, यांपैकी मुक्कामास जवळचे कोणते, ते आधी पाहावे. बरोबर मुलेबाळे असता रात्रीपेक्षा दुपारचा प्रयोग बरा. वेळेपूर्वी पोहोचावे. जुहूच्या पृथ्वी थिएटरात तर उशिरा येणारास आत घेतच नाहीत, आणि ते योग्यच आहे.

आता शेवटचे, आणि ज्यासाठी आम्ही मुख्यतः उभे राहिलो ते. नाटक कोण निवडतो? बहुधा कर्ता पुरुष. आणि तान्ही मुले सांभाळण्यास पाहुण्यांच्या घरी कोण राहते? आजी किंवा थोरली सून. एके काळी रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करीत. 1933 मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ नाटकात ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या, त्यास नव्वद वर्षे उलटून गेली. रंगमंचावर स्त्री आली. आपल्या घरातील स्त्री अजून प्रेक्षागृहातही पोहोचू नये, हे आपणांस शोभत नाही. आमची मंडळास सूचना अशी की, मुंबईच्या सभासदांनी वर्षातून एकदा एखाद्या संगीत नाटकाची तिकिटे एकत्र काढावी, ज्या भगिनींनी आजवर नाटक पाहिलेलेच नाही त्यांस प्रथम मान द्यावा, आणि त्या तीन तासांत मुले पुरुषांनी सांभाळावी.

दोन संध्याकाळी मोकळ्या असतील तर एक संगीत नाटक पाहावे, एक गद्य. एकच असेल तर संगीत नाटक पाहावे. कारण त्याचे प्रयोग थोडे होतात आणि प्रेक्षक न गेले तर आणखी थोडे होतील. आणि निवड घरातील वडीलधाऱ्या स्त्रीला करू द्यावी. तिने काय निवडले, ते पुढील संमेलनात आम्हांस अवश्य कळवावे.