गाडीवरून उतरलेल्याचा हिशेब

(वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलजवळ झालेल्या तरुणांच्या बैठकीतलं भाषण)

दोस्तांनो, आणि मागं भिंतीला टेकून उभे असलेले ड्रायव्हर लोक,

बैठक कशासाठी आहे ते आधी सांगून टाकतो, म्हणजे माझी कविता ऐकायला आलेल्यांना उठून जायची मोकळीक राहील. आपल्या वस्तीतला एक माणूस, अकरा वर्षं जड गाडी चालवणारा, आपल्याच वस्तीतल्या एका मालकाच्या ट्रेलरवरून उतरला. उतरला म्हणजे काम सोडलं. त्याचा एक महिना वीस दिवसांचा पगार मालकाकडं अडकलाय आणि लायसन मालकाच्या कपाटात आहे. दोघंही मंडळाकडं आले. मंडळातल्या जाणत्यांनी निवाडा दिला की घरातलं भांडण आहे, घरात मिटवा, उगाच बाहेर तमाशा नको. हे मिटवणं मला मंजूर नाही. नावं दोघांचीही घेणार नाही. ज्यांना ठाऊक आहेत त्यांनीही घेऊ नयेत.

मी गोदीतला माणूस. माल उतरवतो, माल चढवतो. चढवलेला माल पुढं कोण नेतो, त्याला काय मिळतं, हे बघायला कुणी सांगितलेलं नाही, पण दिसतंच. पी. डिमेलो रोडला गाड्यांची रांग लागलेली असते. डिमेलो म्हणजे गोदी कामगारांचा पुढारी, १९५८ साली गेला. त्याच्या नावाच्या रस्त्यावर ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपतो, कारण रांग कधी हलेल सांगता येत नाही आणि रांग सोडली तर नंबर गेला. तिकडं न्हावा शेवाला तेच, करळ फाट्यापासून पुढं तेच.

आता कंपनी. शब्द मोठाय. आत जाऊन बघा, एक टेबल, एक रबरी शिक्का, भिंतीला कॅलेंडर, वर पाटी अमुक रोडलाइन्स, आणि गाड्या दोन. त्या दोन्हींवर फायनान्सचा बोजा. आपल्या देशातले बहुतेक ट्रक असल्याच एक-दोन-पाच गाड्यांच्या मालकांचे आहेत. माल ज्याचा आहे तो मोठ्या ट्रान्सपोर्टरला भाडं देतो, तो दलालाला सांगतो, दलाल आपलं कमिशन कापून ह्या दोन गाड्यांवाल्याला खेप देतो. भाड्याचं बिल महिन्या-दोन महिन्यांनी सुटतं. पण डिझेल आज लागतं, टोल आज कापला जातो, हप्त्याची तारीख ठरलेली. म्हणजे मालक जेव्हा म्हणतो, "माझ्याकडं पैसे नाहीत," तेव्हा पुष्कळदा तो खरंच बोलत असतो. हा आपला मालक तर आठ-दहा वर्षांपूर्वी स्वतः ड्रायव्हर होता. त्याच्या हातालाही गिअरचे घट्टे आहेत, मी बघितलेत.

मग खिसा रिकामा असताना तो कुणाला थांबवतो? फायनान्सवाल्याला थांबवलं तर गाडी ओढून नेतात. पंपवाल्याला थांबवलं तर उद्या डिझेल नाही. टोलला थांबवताच येत नाही. चालू ड्रायव्हरला थोडंफार थांबवतो, पण बेतानं, कारण पहाटे गाडी घेऊन तोच जाणार आहे. ज्याच्याकडून उद्या कसलंच काम नाही असा एकच माणूस उरतो, गाडीवरून उतरलेला. त्याला कितीही थांबवा. सगळ्यांचा बोजा येऊन त्याच्या डोक्यावर पडतो. मालक मनानं वाईट असण्याची इथं गरजच नाही. चांगला मालकसुद्धा हेच करतो.

हिशेब बघा. पगार महिन्याला १८,००० ठरलेला. एक महिना वीस दिवसांचे झाले ३०,०००. मालकानं वहीचं पान फाडून दिलं, ते माझ्याकडं आहे. उचल ५,०००. टायर १४,०००. डिझेलची तूट ९,०००. चलानं ४,०००. बेरीज ३२,०००. खाली लिहिलंय, येणे २,०००. म्हणजे पन्नास दिवस गाडी हाकून हा माणूस मालकाचा देणेकरी!

उचल घेतली होती, तो कबूल करतो. बाकीचं सोलून बघू.

टायर घाटात फुटला. टायर कुठला होता? रिमोल्ड केलेला, आणि तोही घासलेला. दोनदा सांगून झालं होतं. वरून माल किती भरायचा हे ड्रायव्हर ठरवत नाही. वजनकाट्यावर आकडा वाढला तर मालकाचा फोन येतो, "काढ रे, बघून घेऊ." मग टायर फुटल्यावर बघून घेणारा कुठं जातो?

डिझेलची गंमत तर ऐकण्यासारखी. मालक किलोमीटर मोजतो, अ‍ॅव्हरेज लावतो, आणि त्याच्यावर जे जळालं ते ड्रायव्हरनं विकलं असं धरतो. आता गेटच्या रांगेत गाडी सात-आठ तास दोन-दोन गाड्यांच्या अंतरानं सरकत राहते. किलोमीटर काहीच पडत नाही, इंजिन मात्र चालू-बंद चालू-बंद. घाटात भरलेली गाडी चढते तेव्हा ते अ‍ॅव्हरेज कुठं राहतं? डिझेल विकणारे ड्रायव्हर नाहीत असं मी म्हणत नाही. आहेत. इथं भिंतीला टेकलेल्यांतही एखादा असेल, त्यानं हसू नये. पण ह्या माणसाच्या बाबतीत पन्नास दिवसांत एकदाही तुटीची गोष्ट निघाली नाही. ती निघाली तो उतरल्यावर.

आणि चलानं. कॅमेऱ्याचं चलान गाडीच्या मालकाच्या नावानं येतं. त्यावर तारीख, वेळ, जागा छापलेली असते. आम्ही चारही चलानं मागवली. दोन चलानांची तारीख हा उतरल्यानंतरची! गाडी दुसराच चालवत होता आणि दंड ह्याच्या पगारातून. ह्याला चूक म्हणायचं की सवय, ते तुम्ही ठरवा.

पैशाचं एकवेळ राहू द्या. लायसन? जड वाहनाचं लायसन म्हणजे ड्रायव्हरचे हातपाय. मोटार वाहन कायद्यात ते ताब्यात घेण्याचा अधिकार पोलिसाला आणि आरटीओला आहे, आणि घेतलं तर पोच द्यावी लागते. मालकाला तो अधिकार कुठल्याच कायद्यानं दिलेला नाही. तरी कामावर ठेवताना पहिली गोष्ट ते काढून घेतात. "राहू दे माझ्याकडं, तू पळालास तर?" मोबाईलमधलं लायसनही आता चालतं हे खरं, पण दुसऱ्या मालकाच्या दारात गेला की तो म्हणतो, कार्ड दाखव. कार्ड नाही म्हणजे जुन्या मालकाकडं काहीतरी लफडं आहे. मग काम नाही. अकरा वर्षांचा ड्रायव्हर आज दारूखान्यात लोखंड उचलतोय.

आणि तोंड उघडलं तर शेवटचं हत्यार आहेच. चोरीची तक्रार. नोकरानं मालकाची चोरी केली तर सात वर्षांपर्यंत कैद, जुन्या दंड विधानात होती, नव्या न्याय संहितेतही आहे. मालकाला चौकीत जायला एक संध्याकाळ पुरते. ड्रायव्हरला पगार मागायला कुठं जायचं हेच ठाऊक नसतं. आणि चौकीत आधी आडनाव विचारतात हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता कायदा. मी मॅट्रिक पास, वकील नाही, पण कागद वाचता येतो. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांचा कायदा झाला. आठ तासांचं काम, लांबच्या रस्त्याला दहा. पण लागू कुणाला? पाच किंवा जास्त कामगार असतील त्याला. दोन गाड्यांवाला हसला, माझे चारच. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संहिता लागू झाल्या आणि तो जुना कायदा कामाच्या सुरक्षिततेच्या संहितेत गेला. तिथं मोटार वाहतुकीला आकडा घातलाय दहा. पाचाचे दहा झाले! म्हणजे जो मालक काल आत होता तोही आज बाहेर. गोदीच्या कामाला असा आकडा लावलेला नाही. फाटकाच्या आतला मी मोजला जातो आणि मी भरलेली गाडी फाटकाबाहेर नेणारा मोजला जात नाही.

पण एक दार उघडं राहिलंय. वेतन संहिता, २०१९ ची, तीही त्याच दिवशी लागू झाली. तिला माणसांचा आकडा नाही. एक ड्रायव्हर असला तरी लागू. माणूस काढला, की त्यानं सोडलं, दोन कामाच्या दिवसांत त्याचा पगार द्यायचा. नुकसान कापायचं तर आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं. सगळी कपात मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाता कामा नये. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, नीट ऐका, पगार दिला नाही अशी तक्रार झाली तर दिला हे मालकानं सिद्ध करायचं. तक्रार तीन वर्षांच्या आत करता येते, आणि अधिकारी मागणीच्या दहापटीपर्यंत भरपाई लावू शकतो. लावतो की नाही, ते आपण तिथं जाऊन उभं राहिल्याशिवाय कळणार नाही.

मालक काय म्हणेल ते मला आताच ऐकू येतंय. "हा माझ्याकडं नव्हताच." कारण कागदावर ड्रायव्हर कुठं आहे? मालाच्या ई-वे बिलात गाडीचा नंबर असतो, हाकणाऱ्याचं नाव नसतं. टोलचा मेसेज मालकाच्या फोनला. पगाराची चिठ्ठी कधी दिलेली नाही. तेव्हा ड्रायव्हर लोकहो, आपली वही आपण ठेवा. तारीख, गाडी नंबर, कुठून कुठं, किती भत्ता हातात आला. बिल्टीचा फोटो काढा. बंदराच्या गेटवर नाव आणि लायसन नंबर लिहितात, त्या पासाचा फोटो काढा. गेटवर किती वाजता लागलो, किती वाजता सुटलो तेही लिहा, उद्या डिझेलच्या वेळी लागेल. पैसे रोख देतो म्हटला तर म्हणा, मोबाईलवर टाक. अक्षर वाईट आहे म्हणून लाजू नका. माझ्या कवितांचंही अक्षर संपादकाला लागत नाही.

कुणी म्हणेल, छोट्या मालकाशी भांडून मोठ्यांचं फावतं, ड्रायव्हर-मालक एकच. एकच? १ जानेवारी २०२४ ला देशभर ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या, पंपांवर लोकांच्या रांगा लागल्या, आठवतंय ना. न्याय संहितेतलं ते पोटकलम, अपघात करून न कळवता पळाला तर दहा वर्षांपर्यंत कैद. तुरुंगात जाणार होता ड्रायव्हर. पण २ तारखेच्या रात्री दिल्लीत सरकारनं बोलणी केली ती मालकांच्या काँग्रेसशी. पोटकलम बाजूला राहिलं, १ जुलै २०२४ ला संहिता आली तेव्हाही लागू केलं नाही, चांगलं झालं. पण त्या टेबलाला ड्रायव्हरच्या पगाराचा, लायसनचा विषय निघायचा प्रश्नच नव्हता. तिथं बसलेल्यांच्याच कपाटात ती लायसनं होती.

माथाड्यांचं बघा. त्यांनाही एक मालक नव्हता, आज ह्याच्या दारात, उद्या त्याच्या. १९६९ साली कायदा झाला, बोर्ड झालं, नाव नोंदलं, मालक पैसे बोर्डात भरतो आणि बोर्ड मजुराला देतं. त्या बोर्डांत आज काय चालतं त्यावर मी तासभर बोलू शकतो, पण बोर्ड आहे. गाडीवर पोतं चढवणाऱ्याचं नाव सरकारच्या रजिस्टरात आणि गाडी हाकणाऱ्याचं कुठंच नाही. ड्रायव्हरांचं बोर्ड का होऊ नये? सगळे छोटे मालक त्यात पगार भरतील तर कुणा एकाला बुडायची भीती नाही, आणि मोठ्या ट्रान्सपोर्टरवर लेव्ही लावली तर बोजा जिथं असायला पाहिजे तिथं जाईल.

आता आपल्यातला आणि परका. जाणते म्हणतात, आपला एक पोरगा कर्ज काढून दोन गाड्यांचा मालक झालाय, त्याला खाली ओढू नका, बाकीचे टपलेलेच आहेत. टपलेले आहेत, मान्य. त्याला खेप देताना दलाल शेवटी ठेवतो, भाडं पाचशेनं कमी लावतो, ह्याचं कारण आपल्याला ठाऊक आहे. त्यासाठी दलालाच्या दारात जायचं तर मी पहिला येईन. पण दलालानं कापलेले पाचशे ड्रायव्हरच्या पगारातून वसूल करायचे, आणि तोही ड्रायव्हर आपलाच, तो नाही का आपला पोरगा? ७ नोव्हेंबर १९३८ ला बाबासाहेबांनी मुंबईत कामगारांचा संप केला तो ज्या बिलाविरुद्ध, ते आणणारं मंत्रिमंडळ इथलंच, लोकांनी निवडून दिलेलं होतं. म्हणून ते घरात मिटवायला बसले नाहीत.

तर ठरलंय ते सांगतो. अर्ज टाइप झालाय. त्यात मागणी २५,००० ची आहे, उचल वजा करून, कारण जे घेतलं ते घेतलं. मालकाला एक प्रत आज रात्री मी स्वतः नेऊन देणार आहे आणि लायसन परत मागणार आहे, चहा दिला तर पिणारही आहे. दिलं नाही तर सोमवारी दहा वाजता बांद्र्याच्या कामगार भवनात. ह्या माणसाला त्या ट्रेलरवर बघितलेले, सही करायला न घाबरणारे दोघं हवेत. एक चहावाला तयार झालाय. दुसरा तुमच्यातला कोण ते आता सांगा, आणि ज्याच्याकडं त्या गाडीबरोबरचा कसलाही फोटो असेल त्यानं तो खाली जायच्या आधी मला पाठवा.