संघनायकाच्या हातात निर्णय हवा



आई तुळजाभवानीच्या गावात या सभेचं अध्यक्षपद दिलंत, याचा आनंद आहे. आज मला बोलायचं आहे ते मागच्या रांगांत बसलेल्या संघनायकांविषयी. पण सांगायचं आहे पुढच्या रांगांतल्या स्काऊट मास्तरांना आणि गाईड कॅप्टनना.

शिबिरात तंबू उभा राहत असतो तेव्हा बघा. खुंट्या ठोकून झाल्यात, पण एक बाजू पोटात गेलीय. संघनायक दोन पावलं मागं सरकून बघतो. कोपऱ्यातली खुंटी सरळ ठोकलीय, तिचं डोकं तंबूच्या उलट बाजूला कललेलं हवं, हे त्याच्या ध्यानात येतं. ठोकणाऱ्या पोराला तो हाक मारणार, इतक्यात सर पुढं होतात, खुंटी उपटतात, तिरपी ठोकतात आणि म्हणतात, "असं करायचं असतं." तंबू ताठ होतो. संघनायकाची हाक मात्र घशातच राहते. त्याच्या खिशावरच्या पट्ट्यांना त्या क्षणी काही अर्थ उरत नाही. सरांचा हेतू चांगलाच असतो. उन्हं उतरायच्या आत तंबू व्हायला हवा, पाहुणे यायचेत. पण मित्रहो, तंबू पोरांना शिकवण्यासाठी होता, पाहुण्यांसाठी नव्हता.

स्काऊटची ही चळवळ सुरू झाली तीच मुलांवर टाकलेल्या विश्वासातून. 1899-1900 साली दक्षिण आफ्रिकेत मॅफेकिंगला वेढा पडला, तेव्हा गावातली पोरं निरोप पोचवत होती आणि त्यांचा म्होरक्या गुडइयर नावाचा एक कोवळा मुलगाच होता. ते चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी डोळ्यांनी पाहिलं. ऑगस्ट 1907 मध्ये त्यांनी ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर घेतलं. निम्मी मुलं बड्या घरची, बड्या शाळांतली. निम्मी साध्या कामकरी घरांतली. त्यांचे चार संघ केले आणि प्रत्येक संघ एकेका मोठ्या मुलाच्या हाती सोपवला. श्रीमंताचं पोर आणि कामगाराचं पोर एकाच म्होरक्याचं ऐकत होतं. आपल्याकडं संघ पाडताना एका गल्लीची, एका वस्तीची, एका जातीची मुलं एकत्र बसतात आणि आपण सोय म्हणून तसंच राहू देतो. ते मोडायलाच हवं. ज्याच्या ताटाला ताट लावून कधी जेवलो नाही त्याच्या हातची भाकरी खाणं आणि त्याचा हुकूम मानणं, हे मुलं संघातच शिकू शकतात.

पुढं 1914 साली रोलंड फिलिप्स या तरुणानं संघपद्धतीवर पुस्तकच लिहिलं. दोन वर्षांनी तो महायुद्धात सोमच्या लढाईत गेला. संघपद्धती हा या चळवळीचा कणा आहे, असं मानणाऱ्यांतला तो होता. आपल्या भारत स्काऊट्स आणि गाईड्सची, 1950 साली स्थापन झालेल्या संघटनेची, रचनाही तीच आहे. सहा ते आठ जणांचा संघ, त्याचा एक नायक, एक उपनायक, आणि सगळ्या संघनायकांची कोर्ट ऑफ ऑनर. पथकाचा कार्यक्रम काय, शिस्त मोडली तर काय करायचं, पैसा कुठं खर्चायचा, हे तिथं ठरायचं. स्काऊट मास्तर सल्ल्यापुरता. किती शाळांत ही बैठक खरोखर भरते? बैठकीची वही असते, पण ती आपण भरतो आणि सह्या मुलांच्या घेतो.

मुलांना जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी घटस्थापनेच्या आधी इथल्या रस्त्यावर उभं राहावं. गावोगावची मंडळं आईची ज्योत न्यायला येतात. ज्योत हातात घेऊन पोरं रात्रभर पळतात. कोण दमलं, ज्योत कुणी धरायची, तेल कधी घालायचं, मागचा टेम्पो किती अंतरावर ठेवायचा, हे सगळं अठरा-वीस वर्षांचा एखादा पोरगा ठरवत असतो. त्याला कुणी प्रमाणपत्र दिलेलं नसतं. ज्योत विझू द्यायची नाही, एवढी एकच जबाबदारी, पण ती पुरती त्याची असते.

आणि अशा संघाची किंमत आपल्या जिल्ह्याला वेगळी सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993 ची भूकंपाची पहाट उमरगा, लोहारा, सास्तूरच्या माणसांनी भोगली आहे. दगडमातीच्या भिंतींखालून पहिले हात बाहेर काढले ते शेजारच्यांनी. मदतीच्या गाड्या नंतर आल्या. अशा वेळी एकमेकांना ओळखणारी, कुणी कुठं जायचं हे न सांगता जाणणारी आठ पोरं गावात असणं, याची किंमत आपल्याइतकी कुणाला कळणार?

गाईड कॅप्टन ताईंना एक वेगळी विनंती. मुलींच्या संघाला आपण स्वागताचं ताट आणि रांगोळी देतो, आणि नळदुर्गच्या किल्ल्यावर जायचं ठरलं की आधी परवानगीच्या भीतीनं माघार घेतो. पालकांशी तुम्ही बोला, ते तुमचंच काम आहे. पण वाट, शिधा, पाणी, परतायची वेळ हे संघनायिकेलाच ठरवू द्या. पिठलं करपलं तर करपू द्या.

धोका कुठं आणि चूक कुठं, हा फरक मात्र आपणच राखायचा. पोहणं, विस्तव, रस्त्यावरची गर्दी इथं मोठ्या माणसाची नजर क्षणभरही हलता कामा नये. बाकी ठिकाणी हात मागं बांधून उभं राहायला शिकू या. हे सोपं नाही, मला ठाऊक आहे. वर्ग सांभाळणाऱ्या माणसाला गप्प राहणं सगळ्यांत जड जातं.

तेव्हा या नवरात्रापासून एवढं करा. यात्रेत पाणी वाटायचं की चुकलेल्या लेकरांना त्यांच्या माणसांपर्यंत पोचवायचं, हे संघनायकांच्या बैठकीत ठरू द्या. पाळ्या त्यांनीच लावाव्यात, इतिवृत्त त्यांनीच लिहावं. पुढच्या भेटीला त्या वह्या घेऊन या. खाडाखोड असली तरी चालेल, अक्षर मुलांचं हवं.