थडग्यातील मृण्मूर्तींचा परिवार

श्रोतेहो, थांग काळातील चिनी थडग्यांतून निघालेला तिरंगी झिलईचा घोडा आपणांपैकी पुष्कळांनी निदान चित्रात पाहिला असेल, आणि त्याची ती बाकदार मान, ते खोगीर, अंगावरून ओघळलेले हिरवे-पिवळे रंग पाहून कारागिराची मनोमन वाहवाही केली असेल. परंतु माझी आग्रहाची विनंती अशी की, तो घोडा एकटा पाहू नका.

आपल्याकडच्या रुखवताचेच उदाहरण घ्या. मांडवात मांडलेल्या रुखवतातून साखरेचे एक तुळशीवृंदावन उचलून कोणी काचेच्या कपाटात ठेवले, तर करणारीचे कसब दिसेल. पण वधूबरोबर काय काय निघाले, माहेरची ऐपत कोणती, आणि तिचा संसार कसा व्हावा अशी घरच्यांची मनीषा होती, हे त्या एका जिनसेवरून कसे उमगावे? त्या घोड्याजवळ मोतद्दार असे, उंटाजवळ परदेशी सारवान, शिवाय वादक, नर्तकी, मुलकी व लष्करी हुद्देदार आणि थडग्याचे राखणदार पशू, असा मृताचा सारा सरंजाम असे.

रुखवत दहाजणांनी पाहावे म्हणूनच मांडतात. हा सरंजामही पुरण्यापूर्वी अंत्ययात्रेबरोबर रस्त्याने मिरवीत नेत. वाटसरूंचे डोळे दिपवण्याची ही चढाओढ इतकी वाढली की, तिच्याविरुद्ध बादशहाकडे अर्ज गुदरण्यात आला. आणि हुद्द्यागणिक मूर्तींची संख्या ठरवणारा जो शिरस्ता होता, तो आवळून 741 साली तिसऱ्या व त्यावरील श्रेणीच्या अंमलदारांसाठी 90 ऐवजी 70 ही मर्यादा घालण्यात आली. जेथे संख्येलाच मरातब होता, तेथे एका घोड्यावरून आपण काय ताडणार?

शिआन येथे 1957 साली उत्खनन झालेले श्यानयू थिंगहुई या सेनानीचे थडगे 723 सालचे. त्यातील उंटाच्या पाठीवर वादक बसले आहेत आणि मध्ये नर्तक उभा आहे. हा उंट कोणाचा, कोणत्या वर्षीचा, हे आपणांस ठाऊक आहे. उलट, विसाव्या शतकाच्या आरंभी लोयांगजवळ लोहमार्गासाठी जमीन खणताना ज्या मूर्ती निघाल्या, त्या बाजारात गेल्या, सुट्यासुट्या विकल्या गेल्या, आणि रुखवत मोडले ते मोडलेच.

माणसांच्या मूर्तींचे चेहरे बहुधा बिनझिलईचे असतात, त्यांना अपुरे काम समजू नका. शिशाची झिलई भट्टीत ओघळते, म्हणून डोळे, ओठ, केस मागाहून कुंचल्याने रंगवीत. याविषयी बरेच सांगायचे होते, पण वेळ संपत आला. तेव्हा पुन्हा तेवढेच सांगतो: संग्रहालयात अशा घोड्यापुढे उभे राहाल, तेव्हा तो कोणत्या थडग्यातला, हे पाटीवर आधी वाचा, आणि तसे लिहिलेले नसेल, तर तेथील अधिकाऱ्यांना अवश्य विचारा.