धक्का ओसरल्यानंतरचे घर

भूकंपाचा धक्का काही क्षणांत ओसरतो. त्याने निर्माण केलेला धोका मात्र तितक्या लवकर ओसरत नाही. १७ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे ५ वाजून ३६ मिनिटांनी दिल्ली हादरली. भूकंपाचे केंद्र धौला कुआँजवळ, जमिनीखाली अवघ्या ५ किलोमीटरांवर होते. त्याचे परिमाण ४.० एवढेच असल्याने मोठी हानी झाली नाही. भयभीत होऊन घराबाहेर आलेले नागरिक थोड्याच वेळात परतले. परंतु धक्का मोठा असता, तर घरात परतण्याचा हा निर्णय इतका सोपा ठरला नसता.

१७२० साली दिल्लीत मोठा भूकंप झाला, तेव्हा अनुधक्के पुढे अनेक दिवस बसत राहिले. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ रोजी ७.८ परिमाणाचा भूकंप झाला. त्यानंतर सतरा दिवसांनी, १२ मे रोजी, ७.३ परिमाणाच्या धक्क्याने दोनशेहून अधिक माणसांचे बळी घेतले. पहिल्या धक्क्याने खिळखिळी झालेली भिंत पाडण्यास लहानसा धक्काही पुरतो. म्हणूनच घरात परतण्यापूर्वी ते बाहेरून नीट न्याहाळावे.

दिल्लीतील अनेक इमारतींचा तळमजला मोटारींसाठी मोकळा सोडलेला असतो आणि वरच्या साऱ्या मजल्यांचा भार केवळ खांबांवर असतो. अशा ठिकाणी प्रथम खांब पाहावेत. गिलाव्यावरील केसासारखी बारीक भेग बहुधा वरवरची असते. परंतु खांबावर तिरपी भेग दिसली, काँक्रीट निखळून लोखंडी सळ्या उघड्या पडल्या किंवा इमारत कललेली भासली, तर आत पाऊल टाकू नये. अभियंत्याच्या तपासणीपर्यंत बाहेरच राहणे शहाणपणाचे. मात्र बाहेर म्हणजे जुन्या दिल्लीतील अरुंद गल्लीत, सज्जाखाली किंवा विजेच्या तारांखाली नव्हे. जवळचे मोकळे मैदानच गाठावे.

घर शाबूत असल्यास जिन्याने जावे, लिफ्टने नव्हे. पायांत जाड तळव्याची पादत्राणे असावीत, कारण फुटलेल्या काचांनी होणाऱ्या जखमा नेहमीच्याच. उजेडासाठी काडी ओढू नये, विजेरी वापरावी. गॅसचा वास आल्यास शक्य तर झडप बंद करून खिडक्या उघडाव्यात. विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नये आणि तत्काळ बाहेर पडावे. दूरध्वनी बाहेर आल्यावरच करावा. ११२ या क्रमांकावर मदत मागता येते. कपाटाचे दार उघडताना बाजूला उभे राहावे, कारण आतील वस्तू सरकून दाराशी आलेल्या असतात. गच्चीवरील पाण्याची टाकी आणि कठडा यांची पाहणी होईपर्यंत त्यांच्याखाली कोणी थांबू नये.

हे सारे ऐन वेळी सुचणे कठीण असते. गॅसची झडप कोठे आहे, विजेचा मुख्य खटका कोठे आहे, शेजारच्या घरातील वृद्धांना जिन्यावरून कोणी उतरवावयाचे, हे प्रत्येक इमारतीतील रहिवाशांनी आधीच ठरवून ठेवावे. भूकंपाची वेळ सांगता येत नाही. पण ही तयारी आजच करता येते.